न मोडलेली डावी स्की

मी एक जुनी स्की आहे, जोडीतली डावी. उजवी आता नाही. जोडीतली एक चप्पल हरवली तर तुम्ही दुसरीचं काय करता? फेकून देता. मला मात्र लोकांनी तुमच्या शाळेच्या भिंतीवर आडवं टांगलं आणि खाली पाटी लावली, हात लावू नये. तरी तुम्ही लावताच. मधल्या सुट्टीत माझ्या पोटावरचे केस उलटे कुरवाळून धूम ठोकणारे कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे. लावा, खुशाल लावा. त्याचा मला राग नाही. माझा राग दुसराच आहे, आणि तो ऐकवल्याशिवाय आज मी तुम्हाला सोडायची नाही.

मित्रांनो, मी निम्मी झाड आणि निम्मी जनावर आहे. येरेमेय म्हाताऱ्यानं मला घडवलं. खडूस माणूस. त्यानं नदीकाठचं स्प्रूसचं एक सरळ झाड निवडलं आणि पाचरी ठोकून फाडलं. करवत लावू दिली नाही. करवतीनं लाकडाच्या शिरा तुटतात असं त्याचं म्हणणं. मग उकळत्या पाण्यात माझं टोक मऊ करून वर वळवलं, आणि माशाच्या कातड्याचा डिंक शिजवून माझ्या पोटाला रानहरणाच्या पायांची कातडी चिकटवली. केस सगळे मागच्या दिशेनं. त्यामुळे मी पुढे सुळकन जाते, पण चढावर मागे घसरत नाही. आणि भुसभुशीत बर्फात माझा आवाज होत नाही, अजिबात होत नाही. ज्या पायांनी एक हरीण जन्मभर पळालं, त्याच पायांवर उभं राहून माणूस बाकीच्या हरणांच्या मागे जाणार. हे बरं की वाईट, तुम्ही ठरवा. मला कुणी विचारलं नव्हतं.

उजवीच्या वेळी म्हातारा ताजातवाना होता. माझ्या वेळी त्याला डुलक्या येत होत्या, म्हणून मी जराशी डावीकडे ओढते. सगळं कौतुक उजवीचं व्हायचं. पण काम संपल्यावर म्हाताऱ्यानं मला गुडघ्यावर ठेवून दाबून पाहिलं आणि आपल्या मुलाला, प्रोकोपीला म्हणाला, "उजवी देखणी झालीय. पण ही बघ. ही वाकेल, मोडायची नाही." त्या शब्दांवर मी किती वर्षं फुगून होते! आता वाटतं, त्याच वेळी जोर लावून मोडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच वर्षी म्हातारा गेला. त्याच्याबरोबर त्याची चिलीम, सुरी, चहाची किटली आणि त्याच्या स्वतःच्या स्की ठेवल्या, पण सगळं मोडून. किटलीला भोक पाडलं, स्की गुडघ्यावर घेऊन कडाकड मोडल्या. मी घाबरले. उजवी म्हणाली, वेडी आहेस का, इथं धड राहिलेली वस्तू तिकडे पोचत नाही. इथं मोडली तरच तिकडे ती माणसाच्या हाती धड लागते. शिष्ट होती ती, पण तिचं बरोबर असायचं.

मग आमची कामाची वर्षं सुरू झाली. प्रोकोपी हरणांच्या मागे जाई, आणि आम्ही त्याच्या पायाखाली. तुम्हाला वाटत असेल शिकार म्हणजे पळणं. छे! शिकार म्हणजे थांबणं. हरणं पायांनी बर्फ उकरतात, खड्डा करतात आणि मान आत घालून तळाचं शेवाळ खातात. दगडफुलासारखंच असतं ते, फक्त पांढरं. मान खड्ड्यात असली की हरणाला काही दिसत नाही. तेवढ्या वेळात आम्ही पुढे सरकायचो. मान वर आली की दगड व्हायचं. पुन्हा मान खाली, पुन्हा पुढे. वारा तोंडावर घ्यायचा. हवा बिघडणार असली की हरणांना आधीच कळतं. ती खाली दरीत उतरतात आणि अधाशासारखी खात सुटतात. वादळात डोंगराच्या आडोशाला पडून राहतात. वादळ ओसरलं की पहिला दिवस काही नाही, दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या खड्ड्यांकडे येतात. प्रोकोपीला हे सारं पाठ होतं. त्याचा मेव्हणा गाव्रीला त्याची थट्टा करायचा, "दाजी, तुम्हाला बायकोच्या मनातलं कळत नाही, हरणाच्या पोटातलं मात्र कळतं!" आणि उलिता, म्हणजे प्रोकोपीची बायको, चुलीपाशी बसून हसायची. फार मोठ्यानं हसायची ती. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे कुणाला खरं वाटणार नाही.

आता एक रीत सांगते. आमच्या मुक्कामावर जनावर मारणाऱ्याचं नसायचं. ज्यानं मारलं त्यानं त्याला सुरीसुद्धा लावायची नाही. घरी रिकाम्या हातानं यायचं, 'मारलं' असं तोंडानं म्हणायचं नाही, आणि शेजारच्या तंबूतल्याला हळूच सांगायचं, तिकडे तुझं काहीतरी पडलंय. मग त्यानं जाऊन सोलायचं, त्यानंच सगळ्यांना वाटायचं. मारणाऱ्याला त्याचा वाटा त्याच्याच हातून. याला निमात म्हणतात. आज मी देतो, उद्या तू देशील, अशी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली. मला ही रीत फार आवडायची. आताही आवडते, आणि तिच्या नावानं बोटंही मोडावीशी वाटतात.

मग तो हिवाळा आला. मुक्कामात दोनच तंबू होते. एकात प्रोकोपी, उलिता आणि त्यांची तान्ही तेक्ला. दुसऱ्यात गाव्रीला आणि त्याचं पोराबाळांचं घर. ऐन थंडीत, जेव्हा थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, तेव्हा एक दिवस हवा उबदार झाली आणि पाऊस पडला. बर्फावर पाऊस! पोरं बाहेर नाचली. गाव्रीलाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडाका पडला आणि भिजलेल्या बर्फावर एक पापुद्रा धरला, काचेसारखा. खाली शेवाळ, वर काच.

मुक्कामाची ओझी वाहणारी पाळीव हरणं खूर आपटून आपटून थकली. पायांच्या नडग्या सोलून निघाल्या. एकेक करून ती बसली ती उठली नाहीत. त्यांच्या अंगावर होतंच काय? कातडं आणि हाडं. ती खाऊन झाली. मग राहिली फक्त रानहरणं.

पण रानहरणांची चालच बदलली होती. दरीत ती येईनात, कारण दरीत उकरायला काही उरलं नव्हतं. उकरणं बंद म्हणजे मान खाली जाणं बंद. सगळ्या माना सदा वर! आणि त्या पापुद्र्यावर माझा, बिनआवाजाच्या माझा, असा कर्रर आवाज व्हायचा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा. लाज वाटायची. प्रोकोपी माग काढत जाई. मागावर रक्ताचे ठिपके असत, कारण पापुद्रा हरणांचेही पाय कापत होता. पण बंदुकीच्या टप्प्यात यायच्या आत कळप पळालेला असे. दिवसामागून दिवस तो हात हलवत परत येई.

उलिताचं दूध आटत चाललं. चुलीवर झाडाची साल शिजत होती. तेक्ला आधी रडायची, मग कमी रडायला लागली. ती रडेनाशी झाली तेव्हा उलिता म्हणाली, "रडत होती तेव्हा मला राग यायचा. आता रडत नाही त्याची भीती वाटते."

गाव्रीलानं त्या हिवाळ्यात, पावसाआधी, दोनदा निमात दिली होती. प्रोकोपीच्या हातून एकदाही नाही. कुणी बोलून दाखवलं नाही, पण प्रोकोपी दुसऱ्या तंबूत जेवायला बसला की त्याची मान वर व्हायची नाही. आता गाव्रीलाचाही पाय त्या पापुद्र्यानं कापला होता आणि सुजून भोपळा झाला होता. तो तंबूत पडल्या पडल्या फक्त तोंड चालवत होता.

"दाजी, अहो, हरणांच्या मागे कशाला धावताय? ती आता जमिनीवरचं खातच नाहीत," तो म्हणाला. "ती सावलीच्या उतारावरच्या जुन्या रानात गेली असणार. तिथं झाडांना शेवाळाच्या दाढ्या आहेत, त्या खातात."

"दाढ्या उंच आहेत, दादा. मान पोचते तेवढ्या केव्हाच संपल्या."

"मग झाड खाली पाडा की! कुऱ्हाड काय नुसती मिरवायला आहे? झाड पडल्याचा आवाज झाला की आज पळतील, उद्या भुकेनं परत येतील. तुम्ही वारा तोंडावर येईल अशा अंगाला बसा आणि गपचूप वाट बघा. जमेल का गप्प बसायला?"

"बायकोच्या माहेरची माणसं बोलू देतात कुठे? सवय आहे मला गप्प बसायची."

त्या दिवसांतलं ते शेवटचं हसू. प्रोकोपी अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या त्या रानात गेला, दाढ्यांनी लगडलेला एक म्हातारा स्प्रूस पाडला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पुन्हा तिथं होतो. झाडांखाली पापुद्रा धरला नव्हता. बर्फ मऊ होता. माझा आवाज पुन्हा बंद झाला आणि मला माझंच बरं वाटलं.

हरणं आली. पडलेल्या झाडावर तुटून पडली, आणि खाऊ लागली ती अशी की माना वर येईचनात. प्रोकोपीला वाटलं, नशीब उघडलं. मित्रांनो, इथंच घोळ झाला. वादळाच्या आधी हरणं अशीच खातात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण उपाशी हरीणही असंच खातं. त्यानं उपाशी धरलं. त्याच्या जागी मीही तेच धरलं असतं.

एकच बार काढला. एक मादी पडली. बाकीची पसार झाली. प्रोकोपी तिच्यापाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या पायाखाली होते. त्यानं सुरी काढली. एक तुकडा काळजाचा, एवढंच हवं होतं. पोटात आग होती, घरी तान्हं होतं. आणि गाव्रीलाचे दोन वाटे डोक्यावर होते. सबंध हिवाळ्यात आज पहिल्यांदा त्याला म्हणता येणार होतं, तिकडे तुझं काहीतरी पडलंय. अर्धवट कापलेलं जनावर निमातीत देतात का? आभाळ स्वच्छ होतं. उद्या सकाळी दोघं, गाव्रीला लंगडत का होईना, येणार होते. त्यानं सुरी परत म्यानात घातली, मादीवर फांद्या रचल्या आणि वळला. काप रे, काप, मी मनात ओरडत होते. पण माझं ऐकणार कोण? मी पायातली.

संध्याकाळी तो गाव्रीलाच्या तंबूत शिरला, चहा घेतला, आणि मग म्हणाला, "दादा, त्या पडलेल्या झाडापाशी तुझं काहीतरी आहे."

गाव्रीला उठून बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मादी आहे का?"

"मादी. बरी आहे."

"आणि तेक्लासाठी काय आणलंत?"

प्रोकोपीनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"अहो दाजी, काळीज तरी! एवढी रीत कुणासाठी पाळताय? मी काय तुम्हाला फाडून खाणार होतो?"

"दोनदा तू दिलंस, दादा. मला एकदा नीट देऊ दे."

दारात उलिता उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती, मग पाठीवरच्या रिकाम्या पिशवीकडे. "रिकाम्या हातानं आलास?" ती हळूच म्हणाली. "मारून रिकाम्या हातानं आलास? पोर काय रीत पिणार आहे का?"

"उद्या सकाळी आणतो."

"आत्ता जा."

त्याला उभंही राहवत नव्हतं. तरी तो उठला, आणि बाहेर येऊन आमचे पट्टे बांधायला वाकला. तेवढ्यात पहिला झोत आला. तो पट्टे हातात धरून तसाच राहिला. आता त्याला कळलं हरणं मान वर का करत नव्हती ते. तरी तो निघाला, आणि तंबूपासून थोड्याच अंतरावर त्याला स्वतःचे हातही दिसेनात. उलितानंच हाका मारमारून त्याला परत आणला.

वादळ कित्येक दिवस चाललं. ते थांबलं तेव्हा आम्ही पोचलो. फांद्या विखुरलेल्या होत्या. कुत्र्याएवढं, अस्वलासारखं दिसणारं एक हावरट जनावर आमच्या रानात असतं. त्याला सगळे नुसतं 'चोर' म्हणतात. खाईल तेवढं खातं, उरलेलं तोडून पळवतं, आणि पळवता येत नाही त्यावर असली घाण करून ठेवतं की कुत्राही तोंड लावत नाही. त्यानं आमच्यासाठी काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. प्रोकोपी बर्फावर बसला आणि ढसाढसा रडला. मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा तेक्ला गेली होती. उलितानं तिला अजून छातीशी धरलेलं होतं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो पाणी मागायचा, ती भांडं जमिनीवर ठेवायची. रागवली असती, मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

तो पुन्हा गेला. आणखी झाडं पाडली, वाट बघत बसला, आणि पुन्हा एक हरीण पाडलं. या वेळी त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. सुरी लावली, सोललं, मांडी आणि काळीज पाठीवर घेतलं आणि उतारानं निघाला. इतका जड तो कधी नव्हता. घाई होती म्हणून त्यानं नदीवरची जवळची वाट धरली. मित्रांनो, आमच्या नद्या फसव्या असतात. गोठलेल्या नदीवरही कधीकधी बर्फाखाली पाणी पसरलेलं असतं, आणि वरून काही दिसत नाही. पापुद्रा तुटला आणि आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात गेलो.

घोट्याएवढंच पाणी. पण त्या थंडीत तेवढं पुरतं. माझे केस भिजले, आणि वर येताच त्यांचा दगड झाला. मी घसरेना. उजवी घसरेना. त्यानं सुरीनं आमच्यावरचा बर्फ खरवडला, पुन्हा चालला, पुन्हा खरवडला. मग बोटं सुरी धरेनात. ओझं टाकून दे, मी म्हणत होते, ओझं टाक आणि धाव. त्यानं ओझं टाकलं नाही. एका झाडाला टेकून बसला तो तसाच राहिला.

गाव्रीला लंगडत शोधायला आला. त्यानं मांस घरी नेलं आणि स्वतःच्या हातानं वाटलं. वाटताना म्हणाला, "हे दाजींनी मला दिलं. मी सगळ्यांना देतो. निमात पुरी झाली." त्या मांसावर मुक्काम वसंतापर्यंत तगला. उलितानंही खाल्लं. खाता खाता म्हणाली, "आता आणलंस होय?" आणि चावत राहिली.

मग प्रोकोपीच्या वस्तू मोडायची वेळ आली. किटलीला भोक पाडलं. सुरीचं पातं वाकवलं. गाव्रीलानं उजवी गुडघ्यावर घेतली. ती एका झटक्यात मोडली. काही ओरडली नाही, शिष्टच शेवटपर्यंत. मग त्यानं माझ्याकडे हात केला, आणि उलितानं मला उचलून छातीशी धरलं.

"ही नाही द्यायची."

"उलिते, वेडी झालीस? एका स्कीवर तो तिकडे काय करेल?"

"गोल गोल फिरेल," ती म्हणाली. "फिरू दे. माझ्या पोरीला त्यानं रिकामा हात दाखवला. तिकडेही त्याला कधी वेळेवर पोचायला नको."

गाव्रीला खूप बोलला. शेवटी त्यानं सोडून दिलं.

पुढची वर्षं मी तिच्या दाराशी उभी होते. बुटांवरचा बर्फ झटकायला माझा उपयोग. कुत्रे माझे केस चावायचे. गाव्रीला म्हातारा होऊन वारला. मुक्काम मोडले, लोक गावात आले, लाकडी घरं झाली. उलिता एकटी राहिली. कधीतरी, कधी ते मलाही कळलं नाही, तिनं मला दारातून आत घेतलं आणि माशाचं तेल चोळायला लागली. चोळताना काही बोलायची नाही.

आणि मग एका सकाळी, जेव्हा तिच्या हातांच्या काटक्या झाल्या होत्या, तिनं मला गुडघ्यावर घेतलं. दोन्ही टोकं धरली. "जा," ती म्हणाली, "जा आता त्याच्याकडे. बास झालं." आणि जोर लावला. मी वाकले. तिनं पुन्हा लावला. मी वाकले. मी तुटायचा किती प्रयत्न केला, तुम्हाला सांगता येत नाही! पण लाकडाच्या हातात काही नसतं. येरेमेयनं मला न मोडण्यासाठी घडवलं होतं, आणि म्हातारीच्या अंगात जोर नव्हता. ती मला मांडीवर घेऊन बसली आणि रडत म्हणाली, "प्रोकोपी, मला जमत नाही रे." तिनं कुणाला मदत मागितली नाही. लाज वाटली असेल, इतक्या वर्षांनी. त्याच हिवाळ्यात ती गेली, आणि शेजाऱ्यांनी घर आवरताना मला शाळेत आणून दिलं. किती चांगली राहिलीय, म्हणाले सगळे.

मित्रांनो, तुम्हाला शिकवतात की जुन्या वस्तू जपाव्यात. बाई वर्षातून एकदा मला तेल लावतात, धूळ पुसतात. फार माया आहे त्यांची. पण मला तेल नको. मला खाली उतरवा. दोघातिघांनी मिळून धरा, मधोमध गुडघा लावा आणि मोडा. मी कुरकुरेन, तरी हात सोडू नका. तिकडे एक माणूस किती वर्षं एका पायावर गोल फिरतोय, त्याच्या पाठीवर ओझं आहे आणि त्याला आपल्या पोरीकडे जायचं आहे. उलिताही आता तिकडेच आहे; कदाचित दारात उभी असेल. एवढं करा माझ्यासाठी.

पण तुम्ही गुणी मुलं आहात. गुणी मुलं शाळेच्या भिंतीवरच्या वस्तू मोडत नाहीत.